तक्रारीची पोच



जून महिना आला की आपल्या किनाऱ्यावर सगळ्याच गोष्टींची एकदम घाई होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या, हातात पैसा कमी, तिकडे भाताची पेरणी, आणि नेमके त्याच दिवसांत मुलींचे कॉलेजचे प्रवेश. मग आई एक दिवस कामाचा खाडा करते, एसटीने कॉलेज गाठते, खिडकीपाशी रांग लावते. आतून कागदांचा गठ्ठा येतो. "इथे सही, इथे सही, इथे अंगठा चालेल." आपण करतो आणि शेवटची गाडी पकडतो.

त्या गठ्ठ्यात एक कागद रॅगिंगविरुद्धच्या प्रतिज्ञापत्राचा असतो. एक मुलीचे, एक पालकाचे. आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही विचारले, तो कागद कोणी वाचला होता? पंधराजणींत एकीनेही वाचला नव्हता. त्याच बैठकीत एक बाई बोलली. तिचे नाव, गाव, कॉलेज आम्ही सांगणार नाही.

तिची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी वसतिगृहात राहिली. दुसऱ्या वर्षी दिवाळीला आली ती गादी आणि ट्रंक घेऊनच. "मन लागत नाही," एवढेच म्हणाली. पुढच्या वैशाखात लग्न झाले. सात वर्षांनी माहेरपणाला आली तेव्हा एका रात्री भांडी घासता घासता आईशी बोलली. वसतिगृहातल्या मोठ्या मुली रात्री तिला मध्ये उभी करून कोळ्यांच्या बोलीत बोलायला लावत आणि हसत. तेही तिने सोसले. पण एक सर प्रॅक्टिकलच्या मार्कांसाठी एकटीला थांबवून घेत, अंगाशी येत. ते सोसवले नाही.

आईने विचारले, "तेव्हा का नाही बोललीस गो?"

ती म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही कॉलेजच बंद केलं असतंत. म्हणून मीच बंद केलं."

ती बाई आमच्याकडे बघून म्हणाली, "आणि खरंच, आम्ही बंदच केलं असतं." यावर आमच्यापैकी कोणी काही बोलू शकले नाही.

म्हणून आज आम्ही तुम्हाला तक्रारीचा इतिहास सांगणार आहोत. शिकायला बाहेर पडलेल्या मुलीने आपले दुःख नेऊन ठेवायचे कुठे, याची जागा आधी नव्हतीच. ती बायांनी, एकेक इंच करत, तयार केली आहे.

सुरुवात आपल्याच अलिबागपासून करू. आनंदीबाई जोशी, परदेशी जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी बाई, ही लग्नानंतर काही काळ अलिबागेत राहिली होती. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून. त्यांनीच तिला शिकवायला घेतले. पुढे ती मुंबईत शाळेत जाऊ लागली, तेव्हा रस्त्यावरची माणसे थांबून बघत, खिडक्यांतून डोकी बाहेर येत, तिच्या बुटांवरून आणि मोज्यांवरून मोठ्याने टिंगल होई. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला तिने भर सभेत भाषण केले आणि हे सगळे सांगितले. तेव्हा ती अठरा वर्षांचीही नव्हती. तिच्याआधी पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई फुले मुलींना शिकवायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि दगड आले. त्या बरोबर दुसरे लुगडे ठेवत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण याची दुसरी बाजू बघा. लुगडे बदलण्याखेरीज सावित्रीबाईंना उपाय काय होता? अर्ज कोणाकडे करणार? आनंदीबाईंनी सभेत सांगितले, कारण सांगायला दुसरी जागाच नव्हती.

पुढे देश स्वतंत्र झाला, कॉलेजे वाढली. सगळ्या विद्यापीठांवर लक्ष ठेवणारा विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने उभा राहिला, आणि १९५६ साली त्याचे अध्यक्ष झाले चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, आपल्याच जिल्ह्याचे. कॉलेज, वर्ग, प्रयोगशाळा यांचा विचार झाला. मुलींच्या तक्रारीला कागदावर जागा मिळायला मात्र आणखी चाळीस वर्षे जावी लागली. ती कशी गेली ते ऐका.

१९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. खालच्या कोर्टाने पोलिसांना सोडले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. कारण काय, तर मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर. भीतीने गप्प बसणे म्हणजे हो म्हणणे नव्हे, एवढी साधी गोष्ट त्यांना देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाला सांगावी लागली. मुंबई, पुणे, नागपूरच्या बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला.

आता तुम्ही म्हणाल, यात कॉलेज कुठे आले? येते आहे. पण त्याआधी राजस्थानातल्या एका खेड्यात जावे लागेल, कारण कॉलेजातल्या मुलीला आज जे संरक्षण आहे ते एका खेड्यातल्या बाईमुळे आहे.

जयपूरजवळच्या भटेरी गावातल्या भंवरीदेवी. जातीने कुंभार. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत. आपल्याकडे आशाताई घरोघर फिरतात, तसे त्यांचेही काम गावात फिरून बायांशी बोलण्याचे. १९९२ साली त्यांनी गावातल्या एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवायचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. त्याआधीच 'विशाखा' आणि इतर संघटनांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता. त्यांचा प्रश्न सरळ होता. बाई कामावर असताना तिच्यावर असा प्रसंग येतो, मग तिला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची नाही का?

१३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल आला. कोर्टाने सांगितले की प्रत्येक कामाच्या ठिकाणी आणि संस्थेत तक्रार समिती हवी, तिची प्रमुख बाई हवी, निम्म्याहून कमी बाया चालणार नाहीत, आणि बाहेरच्या संस्थेची एक जाणकार व्यक्ती हवी. सगळेच आतले असले तर एकमेकांना सांभाळून घेतील, म्हणून बाहेरची व्यक्ती. हा नियम विद्यापीठांना आणि कॉलेजांनाही लागू झाला. भंवरीदेवींना स्वतःला खालच्या कोर्टात न्याय मिळाला नाही. पण त्यांच्या लढ्यातून देशभरच्या लेकींना तक्रार ठेवायला जागा मिळाली.

जागा मिळाली, पण कागदावर. कित्येक संस्थांनी समितीच नेमली नाही. जिथे नेमली तिथे दुसराच खेळ. समितीने बाईचे म्हणणे खरे ठरवले की संस्था म्हणायची, आता आमच्या नोकरीच्या नियमांप्रमाणे पुन्हा चौकशी करू. म्हणजे त्या बाईने तेच सगळे पुन्हा नव्या माणसांपुढे सांगायचे. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी हे सुप्रीम कोर्टाला पत्र लिहून कळवले. ते पत्रच याचिका म्हणून दाखल झाले. २००४ साली कोर्टाने आदेश दिला की समितीचा अहवाल हाच चौकशीचा अहवाल धरायचा, दुसरी चौकशी नाही. पुढे १९ ऑक्टोबर २०१२ रोजी अंतिम निकालात सरकारांना खडसावले की समित्या नावापुरत्या ठेवू नका. एका पत्रातून एवढे झाले, मैत्रिणींनो. पत्र लिहिण्याला कमी लेखू नका.

त्यानंतर २०१३ साली संसदेने कायदा केला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून तो लागू झाला. आता ही 'अंतर्गत तक्रार समिती' नुसता कोर्टाचा आदेश न राहता कायद्याने बंधनकारक झाली. नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली कॉलेजांसाठी वेगळे नियम केले. त्यात समितीवर विद्यार्थ्यांमधून निवडलेले प्रतिनिधी आले, आणि कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा वरच्या पदांवरच्या माणसांना समितीवर बसायला मनाई झाली. वाचणारीला हे किरकोळ वाटेल. पण ज्याच्या हातात मार्क आणि बढती, त्याच्यासमोर तक्रार कशी सांगणार?

आता रॅगिंगची गोष्ट. लैंगिक छळाचा रस्ता आणि रॅगिंगचा रस्ता वेगळा आहे, हे लक्षात ठेवा. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९९९ सालीच केला. तो चांगलाच कडक आहे. नुसती मारहाण नाही, तर चिडवणे, शिवीगाळ, धमकी, लाज वाटेल असे काही करायला लावणे, हेही त्यात येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरला तर कॉलेजातून काढायचे आणि पाच वर्षे दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसले तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. आणि प्राचार्यांनीच टाळाटाळ केली तर? त्यांनी गुन्ह्याला साथ दिली असे धरून तीच शिक्षा त्यांना.

देशभराचे नियम मात्र एका मुलाचा जीव गेल्यावर आले. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा १९ वर्षांचा मुलगा वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीनंतर मेला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले आणि १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा फुकट फोन सुरू झाला. आपण सही करतो ते प्रतिज्ञापत्रही या नियमांतूनच आले. २०१६ साली त्यात भर पडली. जात, धर्म, रंग, रूप, भाषा, राहण्याचे गाव, घरची गरिबी यांवरून छळणे किंवा वाळीत टाकणे म्हणजेही रॅगिंग. म्हणजे मासळीच्या वासावरून कोळ्याच्या पोरीला हिणवले, बोलीवरून कातकऱ्याच्या पोरीला उभे करून हसले, तर ती गंमत नव्हे. त्या बाईच्या मुलीला रात्री मध्ये उभे करत, ते रॅगिंगच होते.

एवढे नियम असूनही २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिने जीव दिला. जळगावकडच्या आदिवासी समाजातली मुलगी, बायांच्या आजारांची डॉक्टर व्हायला शिकत होती. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक झाली, खटला उभा राहिला. घरच्यांचे म्हणणे असे की त्यांनी त्रासाबद्दल आधीच सांगितले होते. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका, अशा दोन आयांनी मिळून त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात अर्ज केला की कॉलेजांतला जातीचा छळ थांबवा. एक मुसलमान आदिवासी, एक दलित, दोघींची भाषा वेगळी, राज्य वेगळे. पण दोघींनाही कळले होते की एकीने सांगितलेले दाबले जाते, दोघींनी मिळून सांगितलेले दाबणे कठीण.

याशिवाय तिसराही रस्ता आहे. फी परत दिली नाही, मूळ दाखले अडकवून ठेवले, मार्कांचा घोळ केला, शिष्यवृत्तीत अडवले, अशा गोष्टींसाठी २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजला विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जायचे.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो, त्या गटाच्या वहीत लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, मुदत. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. खरे कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्याची मदत समितीने करायची. मुलगी स्वतः जाऊ शकत नसेल, तर नातेवाईक किंवा मैत्रीणही तक्रार देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. तोवर त्या सरांनी तिचे पेपर तपासू नयेत, असे मागता येते.

दुसरी गोष्ट, मिटवामिटवी. "गावातलाच आहे, मिटवून टाका" असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. कायदा सांगतो, समेट फक्त बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशांवर तर नाहीच. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, असेही कायद्यात लिहिले आहे. मुलीचे नाव बाहेर फोडायला बंदी आहे.

तिसरी गोष्ट, वय. अकरावी-बारावीच्या मुली अठराच्या आतल्या असतात. त्यांच्यासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. तिथे कॉलेजने आपसात चौकशी करून गप्प बसायचे नाही. ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. आणि मोठ्या मुलीलाही समितीबरोबर पोलिसांत जाण्याचा हक्क आहेच.

चौथी गोष्ट, पोच. गटाच्या कर्जाचा अर्ज बँकेत दिला की दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय आपण खिडकी सोडत नाही. ग्रामपंचायतीत पाण्याचा अर्ज दिला तरी तसेच. मग लेकीच्या अर्जाची पोच का नाही? प्राचार्यांनी सात दिवसांत काही केले की नाही, समितीचे नव्वद दिवस भरले की नाही, हे मोजायला तारीख लागते. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला तारीख नसते.

पण या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. मुलीने पहिल्यांदा तोंड उघडायचे ते घरात. आणि घरात तिला माहीत असते की आपण खरे बोललो तर शिक्षा आपल्यालाच होणार, पुस्तके बांधून माळ्यावर जाणार. मग ती समितीपर्यंत पोचणारच कशी? म्हणून आमच्या गटाने ठरवले आहे की मुलगी कॉलेजला निघण्याच्या आदल्या दिवशी आईने आणि बापाने दोघांनी तिला समोर बसवून एक वाक्य सांगायचे. "काही झालं तर आम्हाला सांग, तुझं कॉलेज बंद होणार नाही." एवढेच. आणि सांगितले तर तो शब्द पाळायचा. हे बोलायला सोपे वाटते. आमच्यातल्या तिघींच्या घरी यावरून भांडण झाले.

ती बाई, जिच्यापासून आम्ही सुरुवात केली, तिच्या धाकट्या मुलीचा प्रवेश गेल्या जूनमध्ये झाला. या वेळी आम्ही दोघी तिच्यासोबत गेलो. तिने प्रतिज्ञापत्र खिडकीपाशी उभे राहून मुलीकडून पूर्ण वाचून घेतले. मागची रांग कुरकुरली, तरी वाचून घेतले. मग तिने कारकुनाला विचारले, "अंतर्गत तक्रार समितीचा फलक कुठे आहे?" त्याने इकडे तिकडे पाहिले आणि जिन्याखाली बोट दाखवले. फलक होता, पण समितीच्या प्रमुख बाई दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेल्या, आणि खाली दिलेला फोन लागेना.

ती भांडली नाही. तिथेच बाकावर बसून आम्ही तिघींनी अर्ज लिहिला. समितीची आजची नावे आणि फोन नंबर दारासमोर, मुलींना दिसेल अशा जागी लावावेत, एवढीच मागणी. कारकून म्हणाला, "ठेवा इथे, बघतो."

ती म्हणाली, "ठेवते. आधी पोच द्या."

त्याने शिक्का मारला, तारीख घातली. पंधरा दिवसांनी मुलीने फोन करून सांगितले, नवा फलक लागला, मुलींच्या खोलीच्या बाहेर. ती पोच आज आमच्या गटाच्या पेटीत, पासबुकांसोबत आहे. तिच्या थोरल्या मुलीला हे कळले तेव्हा ती काही म्हणाली नाही. फक्त त्या फलकाचा फोटो पाठवायला सांगितला.

तुमच्या गावातून या वर्षी कोण कोण कॉलेजला चालल्या आहेत, त्यांची यादी पुढच्या बैठकीत करा. प्रवेशाला आई एकटी जाऊ नये, गटातली एक तरी सोबत असावी. पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.